ओढणीच्या आतला उजेड

नीळकंठकाकांनी टेबलावरचे पासपोर्ट फोटोंचे तुकडे बाजूला सारले, पिवळं फडकं अंथरलं आणि एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला तीन अशा लेन्स मांडल्या. मुली दाखवायला बसवाव्यात तशा.

"ही झूम," ते म्हणाले. "चोवीसपासून दोनशेपर्यंत. एकटीच आहे, पण अख्खं घर चालवते. कडी फिरवली की दूरचा माणूस दाराशी. आन् ह्या तिघी प्राईम. पस्तीस, पन्नास, पंच्याऐंशी. ह्या जागच्या हालत नाहीत. ह्यांच्यातून जे दिसते ते दिसते, बाकी तू हालायचं."

"दोन्ही द्या न, काका."

"अन् पुसदची जहागिरी कोणाले देऊ? एक बाजू तुही, एक पियूषची. माह्या बहिणीचा पोरगा परवा नागपूरहून येऊन राह्यला. त्याले सांगितलं, उज्ज्वला आधी निवडन, उरलं ते तुह्यं."

"अन् माझी निवड चुकली तर?"

"तर जनमभर माह्या नावानं बोटं मोड. मी तवा गुडघ्याले तेल लावत बसलो राहीन."

गुडघ्यांपायीच काका स्टुडिओ बंद करत होते. त्यांच्या घरात आजोबांपासून सगळे कचेरीतले. "सगळ्यांनी खुर्च्या झिजवल्या," ते म्हणत, "मी एकटा उभा राह्यलो, म्हणून माहेच गुडघे गेले." उज्ज्वला राठोड त्यांच्याकडे पहिल्यांदा आली ती बारावीच्या फॉर्मला लागणाऱ्या फोटोसाठी. फोटो पाहून म्हणाली, हनुवटी कापली. काका म्हणाले, मग तूच काढ. तिने स्टुलावर त्यांना बसवलं आणि त्यांचा काढला. तो फोटो अजून काउंटरच्या काचेखाली आहे, आणि उज्ज्वला त्या दिवसापासून स्टुडिओत.

आता पुसदच्या आसपास तिला लोक लग्नाआधी तारीख विचारून घेतात. ती हॉलमध्ये काढते, मंगल कार्यालयात काढते, शेतातल्या मांडवात काढते. पण तांड्यातलं लग्न असलं की तिची एक रीत ठरलेली. बैठकीत शिरायचं नाही. ट्रॅक्टरची ट्रॉली शोधायची, तिच्यावर चढायचं आणि जुन्या, कडी घट्ट झालेल्या झूमने लांबूनच सगळं टिपायचं. कारण साधं होतं. दुसऱ्यांच्या लग्नात ती फोटोवाली मॅडम. तांड्यात ती बाबूसिंगची पोरगी. जवळ गेली की कोणी कडेवर लेकरू देणार, कोणी वरणाची बादली हातात देणार, आणि कॅमेरा पाठीवर लोंबकळत राहणार. ट्रॉलीवर मात्र तिला कोणी हात लावत नसे.

त्यामुळे निवड तशी झालेलीच होती. झूम. लग्न काही कोणासाठी थांबत नाही. अक्षता पडत असताना एक लेन्स काढून दुसरी लावत बसणारा माणूस अक्षतांचा फोटो काढत नाही, रिकाम्या ताटाचा काढतो. तिचा हात झूमकडे गेलाही होता. मग तो तसाच फडक्याच्या काठावर थांबला.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"जमनीदादी."

काकांना नाव ठाऊक होतं. दिग्रसपासून उमरखेडपर्यंत ज्या तांड्यात पोरीचं लग्न असेल, तिथून जमनीला बोलावणं येतं. बंजाऱ्यांची पोर सासरी निघते तेव्हा नुसती रडत नाही, ढावलो गाते. एकेका बाईच्या गळ्यात पडून, रडता रडता, तिचं आपलं काय नातं होतं ते सुरात सांगते. याडीला, म्हणजे आईला, वेगळं, काकीला वेगळं, जिच्यासोबत पाणी भरलं तिला वेगळं. 'याडी ये' ही हाक सोडली तर पाठ केलेलं काही नसतं. त्या घडीला गळ्यातून येईल तेच. आताच्या पोरींना ते येत नाही, म्हणून जमनी नवरीच्या शेजारी बसते आणि तिच्यासाठी गाते. ऐकून पोरीला हळूहळू आपले शब्द सापडतात. बाबूसिंगची ती काकी. म्हणजे उज्ज्वलाची दादी.

आणि ह्या बाईच्या तोंडाचा एकही फोटो नव्हता. कॅमेरा दिसला की ती डोक्यावरची ओढणी नाकापर्यंत ओढायची. आधार कार्डावर एक आहे म्हणा, पण तो डोळ्यांशी धरून खुद्द जमनीच म्हणाली होती, "ही उमरखेडची कोणी बाई हाय. माह्यं कार्ड तिले गेलं असन."

"सोनलच्या लग्नात गाते अन् मग बस," गेल्या महिन्यात तिने सांगून टाकलं होतं. "श्वास आता फुकणीतून निघाल्यावानी निघते. सुराच्या मधात खोकला आला तं पोरगी रडायची राहते, हासते."

सोनल म्हणजे भीमसिंगकाकाची मुलगी, उज्ज्वलाची चुलतबहीण. लग्न उद्याच होतं. म्हणजे उद्याचा एक दिवस. जमनीदादी गाताना कशी दिसते हे उद्या मिळालं तर मिळालं.

काकांनी चारही लेन्स उचलून तिच्या बॅगेत घातल्या.

"सकाळी झूम लाव. दुपारी ह्या तिघी. मले कायले विचारते, लग्न सांगन तुले. परवा सकाळी पियूष यायच्या आधी ये."

*

तांडा ढाणकीच्या अलीकडे, रस्त्यापासून आत. बादल, तिचा नवरा, पुसद-दारव्हा जीप चालवतो. त्या दिवशी त्याने आपल्या फेऱ्या दुसऱ्याला दिल्या आणि तिला तांड्यात सोडलं. बांधावरचे पळस पेटल्यासारखे लाल झाले होते. उज्ज्वलाने झूम लावली, ट्रॉलीवर चढली आणि कडी फिरवली.

आणि खरंच, काय लेन्स होती. तांड्याच्या त्या टोकाला सोनलच्या हाताला हळद लावत होते, इथून तिच्या नखातली हळद दिसली. कडी उलटी फिरवली की अख्खा तांडा, मागचं माळरान, धुराची रेघ, सगळं चौकटीत. एका मनगटाच्या हालचालीत एवढी मोठी जागा जवळ येते आणि लांब जाते ह्याचं तिला हसू आलं. भीमसिंगकाका पाहुण्यांशी हसून बोलत होता आणि पाठीमागे धरलेल्या हाताने दुसऱ्या हाताचं बोट पिळत होता. ते फक्त तिला दिसलं. तिने टिपलं.

खालून हंसाबाई, भीमसिंगची बायको, पाण्याची घागर घेऊन चालली होती. तांड्यात बोलणं सगळं गोरबोलीत चालतं. इथे ते वऱ्हाडीत सांगतो एवढंच.

"अवं उज्ज्वला, तिथून आमचे फोटो निघून राह्यले का ढगाचे?"

"तुमचेच, काकी. तुमच्या नाकातला खडाही आला."

"खडा नाई आला तं पैसे नाई देनार. अन् जेवाले खाली येशीन का ताट वर फेकू?"

"फेका. झूमने जवळ घेईन."

हंसाबाई हसत गेली. दुपार कलली. मांडवातलं आटोपलं आणि बायका घरापुढच्या ओट्याजवळ गोळा झाल्या. वाजणारा डीजे कोणीतरी बंद केला. बंद झाल्यावर कळलं तो किती मोठ्याने वाजत होता. मधोमध सोनल बसली, शेजारी जमनी. फेटिया घागरा, आरशांची कांचळी चोळी, कोपरापासून दंडापर्यंत बलियांच्या पांढऱ्या बांगड्या, डोक्यावर ती लाल ओढणी. तिने सोनलला जवळ ओढलं, डोक्यावरची ओढणी पुढे घेऊन दोघींवर टाकली, आणि सूर लागला.

"याडी ये..."

उज्ज्वलाने कडी शेवटपर्यंत फिरवली. दोनशे. चौकटभर ओढणी. तिच्यावरचा एकेक टाका दिसला, आरशाच्या तुकड्यात उलटं आभाळ दिसलं. तोंड दिसलं नाही. ट्रॉलीच्या दुसऱ्या टोकाला गेली. ओढणी. खाली उतरली, लिंबाच्या मागून पाहिलं. ओढणी. सूर त्या कापडातून येत होता, कापड श्वासासोबत फुगत आणि बसत होतं, आणि जगातली कितीही लांब लेन्स त्या कापडाच्या आत जाणार नव्हती.

तेव्हा तिला ते कळलं, आणि इतकं सोपं होतं की आजवर कसं कळलं नाही. ढावलो गाताना जमनीदादीचं तोंड फक्त एकाच जागेवरून दिसतं. जिच्या गळ्यात हात आहेत तिच्या जागेवरून. तांड्यातल्या झाडून सगळ्या लेकीबाळींनी ते पाहिलेलं होतं, आपापल्या लग्नात, एकदाच.

उज्ज्वलाने पाहिलं नव्हतं. तिचं आणि बादलचं लग्न लॉकडाऊनमध्ये लागलं होतं, यवतमाळला, रजिस्ट्रारच्या कचेरीत. मोजकी माणसं, सगळ्यांच्या तोंडाला फडकी. ती निघाली तेव्हा जमनीदादी तांड्याच्या तोंडाशी लिंबाखाली उभी होती, आणि जवळ यायला बंदी होती. दुसऱ्यांच्या लग्नांचे हजारो फोटो काढणाऱ्या उज्ज्वलाच्या स्वतःच्या लग्नाचा एक मोबाइलवरचा फोटो आहे. त्यात कोण नवरी आहे हे हारावरून ओळखावं लागतं.

ती खाली बसली, मांडीवर ओढणीचा पदर पसरला आणि त्याच्या आडोशाला झूम काढून पस्तीसची लेन्स लावली. बोटाला सकाळी कोणीतरी लावलेली हळद होती. पुढच्या काचेच्या काठाला तिचा पिवळा ठसा उमटला. पुसायला वेळ नव्हता.

बायकांच्या घोळक्यात शिरताना हंसाबाई कोणाला तरी म्हणालीच, "आली वं, ढगातून खाली आली." भीमसिंगकाका कडेला उभा होता. डोळे लाल, पण जीभ जागेवर.

"फोटोवाली हायस का पोरगी हायस, एक काय ते ठरव बाई. मधात उभी राह्यली तं दोन्हीकडून तुडवशीन."

सोनलभोवतीची दादीची मिठी सुटली होती. ती आता स्वतः गात होती, अडखळत, तिच्या याडीच्या, हंसाबाईच्या गळ्यात पडून. जमनी दम खात बसली होती. उज्ज्वला तिच्या समोर उकिडवी बसली आणि कॅमेरा डोळ्याला लावला. ह्या लेन्सला जवळच यावं लागतं. ती आणखी पुढे सरकली. आणखी थोडी.

इथे ती एक गोष्ट विसरली, जी तांड्यातलं शेंबडं पोरही विसरत नाही. ढावलो चालू असताना हाताच्या अंतरात येणारी बाई गळ्यात पडायलाच आलेली असते. दुसऱ्या कशाला कोणी तिथे येत नाही.

जमनीला आता लांबचं दिसत नव्हतं. समोर कोणी लेक आली एवढं दिसलं. तिने दोन्ही हात पुढे केले, उज्ज्वलाची मान धरली आणि ओढणी टाकली.

अंधार. आतला लाल अंधार, तेलाचा, घामाचा, कापराचा वास. दोघींच्या मधे कॅमेरा दाबला गेला आणि लेन्स आत-बाहेर घरघरत राहिली. इतक्या जवळचं तिलाही धरता येईना. जमनीने ती वस्तू चाचपली.

"हे काय वं? गळ्यात घंटी बांधली का कोणी तुह्या?"

"दादी, मी आहे. उज्ज्वला."

हात थांबले. मग तिच्या कानामागून, गालांवरून, हनुवटीपर्यंत फिरले. "उज्ज्वला," जमनी म्हणाली. "तुह्यं तं राह्यलंच होतं."

आणि तिने सूर लावला.

खरं तर ओढणीच्या आत अंधार नव्हताच. डोळे सरावल्यावर दिसलं. कापडाच्या फटीतून कललेलं ऊन आत आलं होतं आणि जमनीच्या कांचळीवरच्या आरशांवर पडलं होतं. एकेका आरशाचा एकेक कवडसा उडून तिच्या तोंडावर जाऊन बसला होता. सुरकुत्यांच्या त्या तोंडावर उजेडाचे ठिपकेच ठिपके. जमनी श्वास घ्यायची तसे ते हनुवटीवरून गालांवर, गालांवरून कपाळावर चढायचे. सूर सोडायची तसे उतरायचे. माळावर रात्रीचं आभाळ असतं तेवढं मोठं काहीतरी त्या वीतभर जागेत हलत होतं, आणि ते एका म्हातारीच्या दमावर हलत होतं. उज्ज्वलाने आजवर स्टुडिओत छत्र्या लावल्या, दिवे लावले, चांदीचे पत्रे धरले. असा उजेड तिने कधी पाहिला नव्हता. असा असतो हे कोणी सांगितलंही नव्हतं. आणि हा इथे होता, दर लग्नात, इतकी वर्षं, ती ट्रॉलीवर उभी असताना.

जमनी गात होती. याडी ये, तू गेलीस त्या साली दारं बंद होती. तोंडाला फडकी होती. मी लिंबाखाली उभी होती, माझ्याजवळ हात होते पण गळा नव्हता. तुझी जीप गेली, तिची धूळ माझ्या ओढणीवर बसली, तीच मी मिठीत घेतली. लहानपणी तू माझ्या आरशात पाहून दात मोजायचीस, आठवतं का ग लेकी. आता तू मोठी काच घेऊन हिंडतेस आणि सगळ्या जगाकडे पाहतेस.

उज्ज्वलाला हुंदका आवरेना. ढावल्यात उत्तर द्यायचं असतं. तिला येत नव्हतं. रडता रडता जे आलं ते तिने साध्या शब्दांत विचारलं.

"दादी, काढू का?"

जमनीने सूर तोडला नाही. उत्तर सुरातच आलं. काढ, काढ ग लेकी, मी का उद्या अशी दिसणार हाय. ओढणीतलं ओढणीत राहते, एवढं एक बाहेर ने.

उज्ज्वलाने उजवा हात गळ्यातून सोडवला, कॅमेरा बाजूने कोपर ताणेल तितका लांब नेला आणि त्याचं तोंड आपल्या दोघींकडे वळवलं. हात ओढणीच्या काठाला लागला. मागे पडद्यावर काय दिसत होतं कोण जाणे. घरघर थांबली. तिने बटण दाबलं, पुन्हा दाबलं. बघत ती कॅमेऱ्याकडे नव्हती.

*

सोनलची गाडी गेली. धूळ खाली बसली. बाबूसिंग ओट्यावर येऊन टेकला आणि म्हणाला, "दाखव न, काय निघालं ते."

फोटोत दोघी होत्या. कापडाची लाल भिंत, डावीकडे उज्ज्वलाचा ओला गाल आणि अर्धं उघडं तोंड, अगदी बावळट. उजवीकडे जमनी. तोंड पूर्ण उघडं, डोळे मिटलेले, आणि कपाळापर्यंत चढलेला उजेड. श्वास भरून घेतलेला, सूर अजून सुटायचाय. बाबूसिंगने डोक्याचा रुमाल काढून मांडीवर ठेवला.

"मलेही दाव," जमनी म्हणाली.

तिने कॅमेरा दोन्ही हातांनी धरून नाकाला टेकेल इतका जवळ नेला. उज्ज्वलाला वाटलं, आता म्हणेल, ही उमरखेडची बाई. पण ती पडदा आणखी डोळ्यांशी नेत राहिली. पडद्याचा उजेड तिच्या डोळ्यांत दिसत होता.

"ही तं माही याडी हाय," शेवटी ती हळू आवाजात म्हणाली. "मी लगनाची होती तवा अशीच गायली ती, मले धरून. असंच तोंड होतं तिचं." मग तिने उज्ज्वलाकडे मान वळवली. "तुले कुठं भेटली वं ही?"

जमनीने कॅमेरा परत दिला नाही. पडदा विझला की ती त्याला बोटाने टोचायची आणि उज्ज्वला पुन्हा लावून द्यायची.

*

सकाळी काकांनी आधी झूमचे फोटो पाहिले. नखातली हळद पाहिली, भीमसिंगचं पिळलेलं बोट पाहिलं. "चोख आहे," ते म्हणाले. "ह्यात खोड काढायले जागा नाही."

"नाहीच आहे."

मग तो दुसरा फोटो आला. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा नाकावर घेतला. बाहेरून बसस्टँडचा गलका येत होता. एक बाई पासपोर्ट फोटो विचारायला दारात आली, तिला त्यांनी न बघता हाताने बसायला सांगितलं.

"दिवा कुठं ठेवला होता?"

"दिवा नव्हता, काका. कांचळीचे आरसे होते."

काका परत फोटोकडे वळले. "इतके वर्षं झाले मी तांड्यायत जाऊन राह्यलो," ते म्हणाले, "अन् मले हे दिसलं नाही."

"तुम्हाला नसतंच दिसलं. त्या ओढणीत पुरुषाला घेत नाहीत."

तिने झूम उचलली, फडक्याच्या पियूषच्या बाजूला ठेवली. तिघी आपल्याकडे ओढल्या. मग बोट झूमच्या कडीवर थोडा वेळ तसंच राहिलं, कारण चांगल्या वस्तूचा निरोप घ्यावा लागतोच.

"विचार कर," काका म्हणाले. "अक्षता हुकतील तुह्या."

"हुकतील थोड्या. अन् दुसरंही एक आहे. आता तांड्यातल्या लग्नाला मला फार वेळ लागेल. दादी सगळ्यांना सांगत सुटलीय. कालच दिग्रसकडच्या दोघी म्हणाल्या, आमचंही लॉकडाऊनमध्येच झालं, आमचंही राह्यलं."

"पण म्हातारी तं म्हणाली होती, सोनलनंतर बस."

"म्हणाली होती. आता म्हणते, आधी राह्यलेल्या उरकते."

काका हसले. मग त्यांनी पस्तीसची लेन्स हातात घेऊन खिडकीकडे धरली आणि तिच्या काठाचा तो पिवळा ठसा पाहिला. फडक्याचं टोक बोटाला गुंडाळलं.

"राहू द्या न ते, काका."

"राहू कायले देऊ? काच आहे, पुसायचीच असते," ते म्हणाले, आणि मधापासून कडेपर्यंत गोल गोल, एकही रेघ न ठेवता, पुसून तिच्या हातात दिली.